कापायचं ते कव्हर, पाईप नव्हे

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात मी किचन ट्रॉल्या आणि चिमण्या बसवतो. नव्या टॉवरमध्ये काम सोपं असतं. जुन्या इमारतीत मात्र ओट्याच्या डोक्यावर माळा असतो आणि चिमणीचं खोकं उघडल्यावर घरातल्यांच्या लक्षात येतं की स्टीलचं ते उभं कव्हर या जागेत मावणारच नाही. मग एकच प्रश्न येतो, ‘आता ही परत करायची का?’ परत करायची गरज सहसा नसते. कव्हर कापता येतं, आणि नीट कापलं तर कापलेलं ओळखूही येत नाही. पण कापायचं काय आणि हात कशाला लावायचा नाही, हे घरच्या माणसालाही माहीत असायला हवं. कारण बसवणारा तासाभरात निघून जातो आणि त्या चिमणीखाली पुढची दहा वर्षं स्वयंपाक घरच्यांनाच करायचा असतो.

आधी हिशोब बघा. ओटा ३४ इंच. त्यावर शेगडी, बर्नरपर्यंत साधारण ४ इंच. गॅसच्या शेगडीपासून चिमणीची खालची कड ६५ ते ७५ सेंटिमीटर, म्हणजे २६ ते ३० इंच उंच ठेवा, असं बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. मधलं २८ धरू. झाले ६६ इंच. माळ्याची खालची बाजू ७ फुटांवर, म्हणजे ८४ इंचांवर असेल, तर चिमणीला एकूण १८ इंच मिळाले. त्यात चिमणीचा मुख्य भाग, म्हणजे मोटर आणि फिल्टरचा डबा, १० इंच उंच असला तर कव्हरसाठी उरले फक्त ८.

कव्हर दोन तुकड्यांचं असतं. बाहेरचा तुकडा चिमणीवर बसतो आणि आतला त्यातून वर सरकतो. सरकतं म्हटल्यावर लोकांना वाटतं, हवं तेवढं लहान होईल. तसं होत नाही. दोन्ही तुकडे एकमेकांत पूर्ण गेले तरी लांब तुकड्याची जेवढी लांबी, त्याखाली ते जात नाही. तो तुकडा १६ इंचांचा असेल, तर ८ इंचांत बसवायला कापण्यावाचून इलाज नाही.

इथेच घाई करणारा फिटर सोपा मार्ग सुचवतो, ‘काकू, चिमणी थोडी खाली घेऊ, कव्हर तसंच राहील.’ याला कधीही हो म्हणू नका. ८ इंच खाली घेतलेली चिमणी जमिनीपासून ५८ इंचांवर येते. ५ फूट उंचीच्या बाईच्या कपाळावर तिची कड येते, आणि त्याहून वाईट म्हणजे कढईतल्या फोडणीने पेट घेतला तर ती ज्वाळा थेट तेलकट फिल्टरला भिडते. शेगडी आणि चिमणी यांतलं अंतर आगीच्या हिशोबाने ठरवलेलं असतं. कव्हर हे केवळ दिसण्यासाठी असतं. तडजोड करायचीच तर ती कव्हरच्या लांबीत करावी.

माप घेताना माझा एक आग्रह असतो. चिमणी आधी योग्य उंचीवर भिंतीला टांगायची, लेव्हल बघायची आणि मगच कव्हरचं माप घ्यायचं. जुन्या माळ्याचं प्लास्टर कधीच सरळ नसतं. डावीकडे भिंतीलगत ८ इंच, उजवीकडे पावणेआठ, पुढच्या कडेला सव्वाआठ, असं सर्रास निघतं. म्हणून तीन-चार जागी टेप लावायचा आणि प्रत्येक माप कव्हरच्या त्या त्या बाजूवर उतरवायचं. कव्हर मागून उघडं असतं, त्याला तीनच बाजू असतात, त्यामुळे काम अवघड नाही. वर बीम आलेला असेल तर पुठ्ठ्याचा साचा कापून आधी तो बसवून बघतो. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो.

कुठल्या टोकाने कापायचं, हे ठरवणं महत्त्वाचं. आतला तुकडा कापायचा असेल तर खालून कापावा, म्हणजे कापलेली कड बाहेरच्या तुकड्यात झाकली जाते आणि वरची, पट्टीला स्क्रूने जोडायची भोकं शाबूत राहतात. जागा अगदीच कमी असेल तर आतला तुकडा काढून टाकून फक्त बाहेरचा वापरतो आणि तो वरून कापतो. खालची कड चिमणीच्या खाचेत बसणारी असते, तिला हात लावायचा नाही. वरच्या बाजूला भिंतीत दोन छोटे एल-क्लँप मारले की कव्हर हलत नाही. माळ्याशी दोन-तीन मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवतो आणि सिलिकॉनने भरतो. घट्ट ठोकून बसवलेल्या कव्हरचा पत्रा मोटर चालू झाली की कुरकुरतो.

कापताना स्टीलवरची निळी किंवा पांढरी फिल्म काढायची नाही. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावायची आणि खूण टेपवर करायची. कव्हरच्या पोटात लाकडाचा ठोकळा घट्ट बसवायचा, नाहीतर पातळ पत्रा थरथरतो आणि रेष सुटते. ग्राइंडरला एक मिलिमीटरची, स्टीलसाठीची कोरी डिस्क हवी. लोखंड कापलेली डिस्क वापरली तर लोखंडाचे कण स्टीलवर बसतात आणि पावसाळ्यात तिथे तांबूस ठिपके उमटतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, स्टील खोटं दिलं. दाब न देता, थांबत थांबत कापलं की कड निळी पडत नाही. शेवटी कानस, मग पॉलिश पेपर. त्या कडेवरून बोट फिरवून बघितल्याशिवाय मी कव्हर बसवत नाही, कारण उद्या घरातलं कोणीतरी फडक्याने ते पुसणार असतं.

हे काम स्वयंपाकघरात करू देऊ नका. गच्चीवर किंवा जिन्याबाहेर, मोकळ्यावर करायला सांगा. ठिणग्या काचेवर आणि टाइल्सवर कायमचे डाग पाडतात, आणि स्वयंपाकघरात गॅसचा सिलिंडर असतो. फिटरच्या डोळ्यांवर गॉगल नसेल तर तेही सांगा. त्याचे डोळे आहेत.

आता पाईप. आपल्याकडच्या बहुतेक चिमण्यांचा पाईप ६ इंच व्यासाचा असतो. कव्हर लहान झालं की पाईपला वळायला जागा कमी पडते, आणि मग कोणीतरी ४ इंचांचा पीव्हीसी पाईप आणतो. ६ वरून ४ म्हणजे तिसरा हिस्सा कमी, असं वाटतं. प्रत्यक्षात हवेला मिळणारी जागा ४४ टक्केच उरते, निम्म्याहूनही कमी. खोक्यावर ताशी १२०० घनमीटर लिहिलेलं असो, त्या नळीतून ते जाणार नाही. मोटर ओरडत राहते, धूर घरातच राहतो, आणि दोष चिमणीला लागतो. शिवाय पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं आणि आगीत जळतं. पाईप ॲल्युमिनियमचाच घ्या. तो पूर्ण ताणून लागेल तेवढाच ठेवा आणि उरलेला कापून टाका. सुरकुत्या तशाच कव्हरमध्ये कोंबल्या की प्रत्येक सुरकुतीत तेल साचतं. वळण शक्य तितकं कमी आणि सैल असावं.

मोटरच्या तोंडाशी दोन अर्धगोल पातळ झडपा असतात. चिमणी चालू झाली की त्या वर उघडतात, बंद झाली की मिटतात, म्हणजे बाहेरची हवा आणि झुरळं आत येत नाहीत. पाईप पक्का करताना लांब स्क्रू मारला की तो आत जाऊन झडपेला अडवतो. म्हणून स्क्रूऐवजी क्लिप आणि ॲल्युमिनियम टेप वापरावी. कव्हर चढवण्याआधी चिमणी सुरू करून दोन्ही झडपा पूर्ण उघडतात का ते स्वतः बघा. कव्हर चढल्यावर ते कोणाला दिसत नाही.

माळा आरसीसीचा असेल तर त्याला भोक पाडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आतल्या सळ्या तुटल्या तर माळ्यावरचं सगळं ओझं धोक्यात येतं. त्यापेक्षा कव्हरच्या बाजूला गोल भोक कापून पाईप माळ्याखालून खिडकीकडे नेता येतो. भोकाच्या कडेला रबराची पट्टी लावायची, नाहीतर पत्रा पाईपला फाडतो. पण ६ इंचांचा पाईप वळवायला कव्हरमध्ये किमान आठ-नऊ इंच उंची लागते. तेवढीही नसेल तर कापाकापी करू नका, कमी उंचीच्या डब्याची चिमणी बघा. प्लायवुडचं कपाट असेल तर प्रश्नच नाही, त्यातून पाईप सरळ वर जातो.

कोळशाच्या फिल्टरची, पाईप नसलेली चिमणी असेल तर आणखी एक जपा. तिच्या आतल्या तुकड्याला वरच्या बाजूला ज्या फटी असतात, त्यांतूनच गाळलेली हवा परत खोलीत येते. त्या कापल्या किंवा झाकल्या तर हवेला जायला जागाच उरत नाही.

आणि घरात गॅस गिझर असेल तर चिमणी चालू असताना खिडकी उघडी ठेवा. बंद घरात जोरदार चिमणी गिझरचा विषारी वायू उलटा घरात ओढू शकते.

चिमणी घ्यायला दुकानात जाल तेव्हा रंग आणि काच नंतर बघा. ओट्यापासून माळ्याच्या खालच्या बाजूपर्यंतचं माप कागदावर लिहून घेऊन जा, मोटरच्या डब्याची उंची विचारा आणि वजाबाकी तिथेच करा. कव्हर कापावं लागणार असेल तर वॉरंटीवर त्याचा परिणाम होतो का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.