गोठ्यातील औषध, घरातील आजार

जनावरांचा डॉक्टर वेगळा आणि माणसांचा वेगळा. पण दोघांच्या कपाटातील औषधे मात्र बरीचशी एकच असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ऑक्सिटेट्रासायक्लीन, अमॉक्सिसिलीन, सेफ्ट्रिॲक्झोन ही प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक्स, माणसांना देतात तशीच गाई-म्हशींनाही देतात. कोंबड्यांना पाण्यातून देतात ते एन्रोफ्लॉक्सासिन आपल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचे सख्खे भावंड आहे.

पायाला गळू झालेल्या एका दूधवाल्या कास्तकाराने मला सरळच विचारले, "डॉक्टरसाहेब, औषध तं तेच हाय, मंग म्हशीची उरलेली बाटली मले काऊन चालत नाही?" चालत नाही. मात्रा वेगळी, औषधाची घडण वेगळी, आणि रिॲक्शन आली तर जीवाशी गाठ. पण त्याच्या प्रश्नात एक मोठी गोष्ट दडली होती. औषध एक, म्हणजे त्या औषधाला न जुमानणारे जंतूही गोठ्यात आणि घरात एकच असू शकतात.

हे कसे घडते ते आपल्या भागात निराळे समजावून सांगायला नको. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी कशी फस्त केली, ते आपण पाहिले. ज्या थोड्या अळ्या विष पचवून जगल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. जंतूंचेही तेच. औषधाने दुबळे जंतू मरतात, निबर उरतात. फरक एवढाच की अळीला त्यासाठी काही पिढ्या, म्हणजे हंगाम लागतात, पोटातील ई. कोलाय जंतूची नवी पिढी अनुकूल परिस्थितीत वीस-तीस मिनिटांत तयार होते. शिवाय जंतू ही विद्या शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही देतात. प्लाझ्मिड नावाचा जनुकांचा एक छोटा कडा असतो, तो एका जंतूतून दुसऱ्यात जातो. एकाच कड्यावर तीन-चार औषधांविरुद्धची तयारी असू शकते.

अमेरिकेत बोस्टनजवळ डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी याचा प्रत्यक्ष प्रयोग केला. १९७६ साली तो प्रसिद्ध झाला. एका शेतावरील कोंबड्यांच्या खाद्यात थोडे ऑक्सिटेट्रासायक्लीन मिसळले. आठवडाभरातच कोंबड्यांच्या आतड्यातील जवळजवळ सगळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांनी शेतावर राहणाऱ्या माणसांच्या शौचाचे नमुने पाहिले, तर सुमारे ३१ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून अधिक जंतू असेच निबर होते. शेजाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्केही नव्हते. औषध कोंबडीच्या खाद्यात, आणि बदल माणसाच्या पोटात!

पुढचा धक्का २०१५ चा. कोलिस्टिन हे जुने औषध मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून मागे पडले होते. इतर सर्व उपाय थकल्यावर अतिदक्षता विभागात ते पुन्हा वापरात आले. पण तेच औषध कोंबड्या-डुकरांची वाढ भराभर व्हावी म्हणून खाद्यातून दिले जात होते. चीनमध्ये डुकरांत, दुकानातील मांसात आणि रुग्णांतही त्याला निष्प्रभ करणारा जनुक सापडला, तोही प्लाझ्मिडवर. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यजन्य प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. माझ्या मते ती बरीच आधी यायला हवी होती.

आपल्या जिल्ह्यात खरा प्रश्न दुभत्या जनावरांचा. कास सुजली, दुधात गाठी आल्या की घाईने इंजेक्शन दिले जाते. दुसऱ्या दिवशी उतार दिसला की बंद. २०२२ च्या लम्पीच्या साथीतही प्रतिजैविकांवर पुष्कळांची भिस्त होती. लम्पी हा विषाणूचा आजार आहे, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. जखमा चिघळल्या तरच पशुवैद्यक ते देतात.

गोठ्यात राबणाऱ्या एका बाईंना वारंवार लघवीची जळजळ होत असे. अकोल्याहून कल्चरचा रिपोर्ट आला तेव्हा तोंडाने घ्यायच्या जवळजवळ सर्व औषधांपुढे 'आर' होता, म्हणजे जंतू दाद देत नाही. उरली ती महागडी इंजेक्शने, सात दिवसांची, मजुरी बुडवून. हे जंतू गोठ्यातून आले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्यांमुळे तयार झाले, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. सर्दी-पडशाला प्रतिजैविक मागणारे रुग्ण आणि ते लिहून देणारे डॉक्टर यांचाही वाटा त्यात आहेच. सगळे खापर जनावरांवर फोडून आपण मोकळे होऊ नये.

आता दुधाविषयी. औषध दिलेल्या जनावराच्या दुधात काही दिवस औषधाचा अंश उतरतो. विरजण नीट लागत नाही, तेव्हा गृहिणी हवेला दोष देते; कधी कारण हेही असते. दूध उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र पुष्कळदा टिकतो. बाटलीवर दूध किती दिवस वापरू नये ते छापलेले असते. छापलेले नसेल तर नियमानुसार दूध व अंडी किमान ७ दिवस आणि मांस २८ दिवस वापरू नये. सात दिवसांचे दूध सोडणे म्हणजे काय, हे दोन म्हशींवर घर चालवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून मी म्हणतो, खर्च वाचवायचा तो कास सुजण्याआधी: धार काढण्यापूर्वी व नंतर हात आणि सड धुणे, गोठा कोरडा ठेवणे, घटसर्प व लाळ्या-खुरकूताच्या लसी वेळेवर टोचणे. इंजेक्शन पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे. १९६२ हा फोन क्रमांक त्यासाठीच आहे. शेण ताजे न टाकता चांगले कुजवून वावरात न्यावे.

बाजूला काढलेले दूध वासराला पाजावे का, असे नेहमी विचारतात. पाजू नये. त्यातील थोड्या औषधावर वासराच्या आतड्यातही तेच निबर जंतू पोसले जातात.