गिलियन वेल्च यांची संगीत-कारकीर्द : मालकीहक्काच्या संदर्भात

मराठीत ‘लोकगीत’ म्हटले की जात्यावरच्या ओवीसारखी, कर्ता अज्ञात असलेली रचना अभिप्रेत असते. अमेरिकेत ‘फोक’ या संज्ञेत जुन्या वळणाची, परंतु गायकाने स्वतः रचलेली गीतेही येतात. याच परंपरेशी नाते सांगणारा व व्यापारी कंट्री संगीतापासून अंतर राखणारा ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री’ हा प्रवाह १९९० च्या दशकात ठळक झाला. गिलियन वेल्च या त्यातील महत्त्वाच्या गीतकार-गायिका. त्यांच्या कारकिर्दीचा विचार प्रस्तुत लेखात एका प्रश्नापुरता केला आहे : रचणाऱ्याचे गाणे रचणाऱ्याकडे राहते काय?

१९६७ साली न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या वेल्च लॉस एंजेलिसमध्ये वाढल्या. बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयात त्यांना डेव्हिड रॉलिंग्ज हे सहकारी लाभले. ‘रिव्हायव्हल’ हा पहिला संग्रह १९९६ मध्ये ‘आल्मो साउंड्स’ने काढला. शहरी मुलीने अपालाचियाच्या डोंगरी दारिद्र्याची गाणी का रचावीत, असा आक्षेप तेव्हा काही समीक्षकांनी घेतला. ग्रामीण व दलित साहित्याच्या चर्चेमुळे अनुभवाच्या अस्सलतेचा हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. तो गैरलागू नाही; परंतु वेल्च यांच्यापुरता मला तो दुय्यम वाटतो.

पुढे ‘आल्मो’ ही कंपनी ‘युनिव्हर्सल’कडे गेली. तेव्हा वेल्च यांनी ‘अकोनी रेकॉर्ड्स’ ही स्वतःची संस्था स्थापन केली आणि २००१ चा ‘टाइम (द रेव्हलेटर)’ तिच्यामार्फत प्रसिद्ध केला. संगीत फुकट मिळू लागल्यावर गाणाऱ्याने काय करावे, हा त्यातील एका गीताचा विषयच आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि गीतरचनेचा हक्क वेगळा. स्वतःची संस्था काढल्याने पहिला हाती येतो, दुसरा येतोच असे नाही. वेल्च यांच्यावर जुन्या प्रकाशन-कराराचे बंधन होते. ते फेडण्यासाठी डिसेंबर २००२ मध्ये एका शनिवार-रविवारच्या सुटीत त्यांनी व रॉलिंग्ज यांनी ४८ गाणी ध्वनिमुद्रित केली. ती नंतर अनेक वर्षे पडून राहिली. स्वातंत्र्याची किंमत संथपणातही मोजावी लागली, असे म्हणता येईल : २००३ नंतर त्यांच्या नावाचा पुढचा संग्रह थेट २०११ मध्ये आला.

मालकीसोबत जतनाची जबाबदारीही येते. मार्च २०२० मध्ये नॅशव्हिलला चक्रीवादळाचा तडाखा बसला व त्यांच्या ‘वूडलँड’ ध्वनिमुद्रणगृहाचे छप्पर उडाले. भर रात्री, अंधारात व पावसात दोघांनी मूळ ध्वनिफिती आणि वाद्ये बाहेर काढली. सारे काही गमावण्याची वेळ आल्यानंतरच, त्याच वर्षी, ती ४८ गाणी ‘अकोनी’ने तीन भागांत प्रकाशित केली. दुरुस्त झालेल्या ध्वनिमुद्रणगृहाचे नाव त्यांनी २०२४ च्या संग्रहास दिले. ‘वूडलँड’ला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट फोक संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.