गाडी चालू असताना उत्तर मागू नका

तळवड्यातल्या एका लहान कारखान्यात मी डिस्पॅच बघते, राहायला निगडीत. आमचे ब्रॅकेट चाकणच्या मोठ्या कंपनीच्या असेंब्ली लाइनला लागतात. तिथे साठा करून ठेवत नाहीत. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल गेटवर हजर हवा. त्यामुळे टेम्पो निघाला की तिकडून विचारणा सुरू होते, आणि या पट्ट्यातले डिस्पॅचवाले तीच विचारणा पुढे ड्रायव्हरला ढकलतात : "दादा, कुठपर्यंत आलात?"

आता उत्तर टाइप करावं लागत नाही. फोन डॅशबोर्डवरच्या स्टँडला असतो, माइकचं चिन्ह दाबून बोललं की मराठीत मजकूर उमटतो. गूगलने २०१७ मध्ये मराठी बोलून लिहिण्याची सोय दिली, २०१८ मध्ये असिस्टंटही मराठी बोलू लागला. ज्यांना टायपिंग जमत नाही अशांना या सोयीने लिहितं केलं, आणि मला तिचं मोल आहे. गाडी बाजूला लावून ती जरूर वापरावी. पण आमचे एक ड्रायव्हर मला म्हणाले, "ताई, हात तर स्टिअरिंगवरच असतात, मग भीती कसली?" त्यांना दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने २०१३ मध्ये ४३ चालकांची बंद रस्त्यावर चाचणी घेतली. एकदा फोनशिवाय, एकदा हाताने टाइप करत, आणि मग बोलून मेसेज पाठवत. समोर दिवा लागल्यावर प्रतिसाद द्यायला फोनशिवाय जेवढा वेळ लागला, त्याच्या जवळपास दुप्पट वेळ मेसेज करताना लागला. हाताने काय, तोंडाने काय, फारसा फरक नव्हता. तरीही बोलून मेसेज करताना चालकांना जास्त सुरक्षित वाटत होतं. मला हीच गोष्ट सगळ्यात घातक वाटते.

असं होतं, कारण मेसेज बोलायचा म्हणजे आधी तो मनात जुळवावा लागतो. मग फोनने काय ऐकलं ते तपासायचं. मागे डिझेलचं इंजिन घरघरतंय, शेजारी कंटेनर हॉर्न मारतोय, अशा वेळी वाटेवरच्या 'म्हाळुंगे'चं भलतंच काही उमटतं आणि नजर आपोआप स्क्रीनवर जाते. शेजारी बसलेला क्लीनर बोलत असला तरी समोर खड्डा दिसताच तो गप्प होतो, उलट "दादा, सांभाळून" म्हणतो. फोनला रस्ता दिसत नाही.

बोलणं संपलं तरी लक्ष लगेच परतत नाही. युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आवाजावर चालणाऱ्या यंत्रणा तपासल्या. काहींचा परिणाम काम संपल्यावरही २७ सेकंदांपर्यंत रेंगाळत होता. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने तेवढ्यात गाडी ३०० मीटर पुढे जाते. आमच्या रस्त्यावर ३०० मीटरमध्ये शिफ्ट सुटलेली पोरं, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि मध्येच वळणारा ट्रेलर, एवढं सगळं असतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, हातातल्या फोनचा वापर धोकादायक वाहनचालनात मोजतं; त्यात कैदेची आणि पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२० पासून नियमाने फोनला रस्ता शोधण्यापुरती मुभा दिली, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. पण स्टँडवरच्या फोनशी बोलणाऱ्याला दंडाची भीती वाटत नाही. म्हणून ही जबाबदारी मी मेसेज पाठवणाऱ्यावर टाकते. मालक, डिस्पॅच किंवा गेटवरच्या साहेबांनी लगेच उत्तर मागितलं, तर महिन्याच्या पगारावर घर चालवणारा माणूस ते चालत्या गाडीतून देणारच.

तोडगा फोनमध्येच आहे. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन एका वेळी आठ तास सुरू राहतं, म्हणजे पूर्ण शिफ्टभर. मालाचं चलन हातात घेताना आमचे ड्रायव्हर लोकेशन सुरू करतात, आणि ज्या ग्रुपवर ते दिसतं त्यात गेटवरचे लोकही आहेत. टेम्पो इंद्रायणीच्या पुलावर अडकला की मला दिसतं. मग मी फोन करते तो चाकणच्या गेटला : गाडी वीस मिनिटं उशिरा येईल, तेवढी लाइन सांभाळा.