राणीच्या वाढदिवसाच्या चाली

मेंढपाळांचा सिंफोनिया आज घ्यायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते विचारतात, राणीच्या वाढदिवसासाठी बांधलेल्या चाली बाखने ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’त घेतल्या, मग त्यात भक्ती ती कुठली? प्रश्न रोखठोक आहे आणि माझ्या जिव्हाळ्याचा.

८ डिसेंबर १७३३ ला मारिया योझेफा राणीचा वाढदिवस लाइपझिगमध्ये बाखच्या कँटाटाने साजरा झाला. त्याआधी ५ सप्टेंबरला तिच्या मुलाच्या वाढदिवशी हर्क्युलिसच्या कथेवरचा कँटाटा झाला होता. असल्या रचनांचं आयुष्य एका दिवसाचं. वाढदिवस सरला की शब्द शिळे होतात आणि संगीत बासनात जातं. नाताळ मात्र दरवर्षी येतो. १७३४ च्या नाताळात बाखने ते बासन सोडलं. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर मूळ गाण्याची ‘चाल’ छापलेली असे. म्हणून काही पदाचा रस कमी होत नसे.

पहिल्या भागाची सुरुवातच बघा. इतर सारी वाद्यं गप्प, आणि षड्ज-पंचमात मिळवलेले नगारे एकटे वाजू लागतात. राणीच्या गाण्यात याचं कारण उघड होतं, कारण तिथे गायकच नगाऱ्यांना वाजायला सांगत आणि तेही नगाऱ्याच्याच ठेक्यावर. नव्या शब्दांत नगारे उरले नाहीत, ठेका राहिला. बर्लिनच्या ग्रंथालयात बाखच्या हातची प्रत आहे. तिच्यात त्याने गायकांच्या ओळींखाली आधी जुनेच शब्द लिहिले, मग ते खोडून नवे लिहिले. जुनं गाणं हाताला इतकं सवयीचं होतं! मला तरी कारण न सांगता वाजणारे हे नगारे जास्त भिडतात.

खरी कसोटी अंगाईची. हर्क्युलिसच्या कथेत ती विलासदेवी गाते, तरुण वीराने कर्तव्य विसरून निजावं म्हणून. दुसऱ्या भागात तीच चाल पाळण्यातल्या बाळासाठी येते. बाखने ती सोप्रानोकडून काढून आल्टोच्या खालच्या, उबदार गळ्याला दिली, पट्टी उतरवली आणि गाणाऱ्या आवाजाच्या वरच्या सप्तकात बासरी सोबत चालवली. ‘नीज’ या शब्दावरचा लांबवलेला स्वर आधीही होता. तिथे तो भुलवत होता, इथे जोजवतो. नुसता वेळ वाचवायचा असता, तर एवढी उस्तवार कोण करतं?

आणि जुनी चाल जिथे चालणार नव्हती, तिथे त्याने ती घेतली नाही. तिसऱ्या भागात मरिया मेंढपाळांचं बोलणं मनात जपून ठेवते. त्या जागेचा आल्टोचा आरिया, एकट्या व्हायोलिनच्या साथीचा, अगदी नवा आहे. संपूर्ण ऑरेटोरिओत नव्याने रचलेला म्हणावा असा आरिया हा एवढाच. त्यासाठी बाखने आधी एक वेगळा आराखडा मांडला होता. तो अर्ध्यात टाकून दिला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसला. पत्रलेखकांनी आधी हा आरिया ऐकावा, मग पुढच्या आठवड्यात मेंढपाळांकडे जाऊ.