परमुलखातील स्मारक

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन पंथीयांचे पडके चर्च आहे. तेथे फिरताना पायांखाली अक्षरे कोरलेले दगड लागतात. ती पोर्तुगीजांची थडगी होत. १५३४ साली वसई त्यांच्या हाती गेली व १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. त्या दोन शतकांत दर्या ओलांडून आलेली किती माणसे येथेच मातीला मिळाली! त्यांची आप्तेष्ट मंडळी हजारो कोस दूर राहिली आणि दगडांची राखण आपल्याकडे आली. परक्यांच्या थडग्यांशी आपल्याला काय कर्तव्य आहे, असे कोणी विचारील. पण हाच प्रश्न उलटा करून पाहावा. आपल्याकडचा मुलगा परमुलखात पडला, तर तेथे त्याची आठवण कोणी ठेवावी?

असा एक मुलगा याच कोकणचा होता. यशवंत घाडगे हे त्याचे नाव. माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे १६ नोव्हेंबर १९२१ रोजी त्याचा जन्म झाला. पुढे तो पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक झाला. दुसरे महायुद्ध चालू होते. हिंदी पुढाऱ्यांना न विचारता व्हाइसरॉयने १९३९ साली या देशाला त्या युद्धात ओढले होते. १९४२ साली ‘छोडो भारत’ची घोषणा देशभर दुमदुमली. त्यामुळे इंग्रजांच्या सैन्यातून लढलेल्या जवानांविषयी आपल्या मनात काहीशी अढी राहिली. ती समजण्यासारखी आहे. पण तिच्यापायी खेड्यापाड्यांतून गेलेल्या त्या तरुणांचा विसर पडावा, हे मला न्याय्य वाटत नाही.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंतच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. तुकडीतील सारे सोबती ठार किंवा जखमी झाले. यशवंत तेवढा उभा राहिला. तो क्षणभरही न थांबता त्या मोर्चावर एकटाच धावून गेला. हातबाँब फेकून त्याने मशीनगन व ती चालविणारा यांना निकामी केले आणि आणखी एकाला गोळीने टिपले. उरलेले दोघे समोर होते, आणि बंदुकीत नव्या गोळ्या भरण्यास उसंत नव्हती. तेव्हा नळीकडून बंदूक धरून त्याने तिच्या दस्त्याच्या प्रहारांनी त्या दोघांनाही ठार केले. इतक्यात लपलेल्या शत्रूच्या गोळ्या त्याला लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्याने प्राण सोडला. त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

त्याला मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे पदक देण्यात आले. त्याचा देह मात्र मिळाला नाही. ज्यांचे अंत्यस्थान ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे इटलीतील कासिनो येथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत यशवंतचे नाव आहे. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ जण कामी आले. माणगावला यशवंतचा पुतळा उभा आहे. परंतु तो जेथे पडला, त्या खोऱ्याला त्याची ओळख पटण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

पेरुजा प्रांतातील मोंतोने हे त्या खोऱ्यातील एक लहानसे गाव. जुलै २०२३ मध्ये तेथील ग्रामसंस्थेने व इटालियन इतिहास-अभ्यासकांनी मिळून यशवंत घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्यासाठी निवडलेले आहे. पुतळ्याऐवजी सूर्यघड्याळ कशाला, असे प्रथम मनात येते. पण सूर्यघड्याळाला यंत्र लागत नाही की किल्ली द्यावी लागत नाही. सूर्य जसा सरकतो तशी काट्याची सावली सरकते आणि त्या त्या ठिकाणची वेळ दाखविते. मोंतोने येथे ती सावली मध्यान्ह दाखविते, तेव्हा पळसगावी सूर्य माथ्यावरून ढळून सुमारे चार तास झालेले असतात.