सिस्टरने विचारलं तर खरं सांगा

आमची एक जुनी विद्यार्थिनी नर्सिंग शिकते. ईदला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "टीचर, आपल्या बायका ओपीडीत येतात, सोबत सासू असते, आणि तोंडातून फक्त 'कमजोरी आहे' एवढंच निघतं." खरी तकलीफ निराळीच असते. अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, लघवीला जळजळ होते, ओटीपोटात दुखतं. म्हणून सिस्टर सोबतच्यांना जरा बाहेर थांबायला सांगते. सासूबाईंनी त्याचा राग मानू नये.

थोडंफार पांढरं जाणं प्रत्येक बाईला असतं, गरोदरपणात जास्तच. ती बीमारी नाही. रंग पिवळा-हिरवा झाला, घाण वास आला, तर मात्र दाखवायला हवं. दह्यासारखं पांढरं आणि खाज, हे बहुतेकदा बुरशीमुळे होतं. डायबेटिस असला किंवा अँटिबायोटिक घेतली तरी होतं. तेव्हा लगेच कुणाच्या चारित्र्यावर शक घेऊ नका.

सगळ्यात फसवी सिफिलिसची जखम. नाजूक जागी होते, सहसा दुखत नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. माणूस म्हणतो, चला, सुटलो! जंतू मात्र शरीरातच असतो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ उठू शकतं, खाज नसते, आणि जुनी जखम तोवर कुणाच्या लक्षात नसते. म्हणूनच सिस्टर तळवे उलटून बघते. गरोदर बाईला हा आजार असेल तर बाळ पोटातच दगावू शकतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्त घेतात त्यात ही तपासणीही असते, ती चुकवू नका. वेळेत पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं तर बाळाला वाचवता येतं.

सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लक्षणांवरून लगेच औषध देतात, तेही मोफत. नॅकोने त्यासाठी रंगीत पाकिटं ठरवली आहेत: लघवीवाटे पू येत असेल तर राखाडी, बाईच्या ओटीपोटातल्या दुखण्याला पिवळं.

आणि पुरुषांनो, तुम्हाला पू येत असेल तर मेडिकलमधून गोळ्या आणून गप्प बसू नका. गनोरिया, क्लॅमिडिया यांत अनेक बायकांना काहीच लक्षण दिसत नाही, पण आत नळ्यांना सूज येऊन पुढे मूल राहायला अडचण होते. बायकोला सोबत न्या, औषध दोघांनी घ्या. तोंडावर बोलायची लाज वाटत असेल तर 1097 या मोफत नंबरवर आधी विचारून घ्या.