चिनी जाळी, सकाळी साडेसहा

फोर्ट कोचीला गेलेल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये एक फोटो हमखास असतो. केशरी आभाळ आणि पुढे काळंभोर चिनी जाळं. माझ्याकडेही आहे. पण सोमवारची सीएल टाकून एवढ्या लांब जायचं आणि संध्याकाळच्या गर्दीत कोपरं मारत तोच फोटो काढायचा, यात काय मजा? त्यापेक्षा सकाळी साडेसहाला जा.

तेव्हा ही 'चीनवला' खरोखर कामावर असतात. दहाएक मीटर उंच सांगाडा, एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले दगड. पाच-सहा जण दोर ओढतात, दगड एकेक करून खाली टेकतात आणि पाणी निथळत जाळं वर येतं. अगदी बागेतला सी-सॉ! फोटो जाळ्याचा नको, दोरावरच्या हातांचा काढा. शटर १/३० वर ठेवलंत तर निथळत्या पाण्याच्या रेघा मिळतात (कॅमेरा मात्र कशावर तरी टेकवा).

ही मंडळी तुम्हाला वर बोलावतात, दोर ओढायला देतात आणि मग पैसे मागतात. 'टुरिस्ट ट्रॅप' म्हणून नाकं मुरडणारे बरेच भेटले. मला नाही पटत. मी उभा होतो त्या खेपेला मूठभर मासे आले आणि ढीगभर जलपर्णी. तेवढंच सहा जणांत वाटायचं. लाकडी वाशांच्या जागी काही ठिकाणी लोखंडी पाइपही आलेत. शंभरची नोट द्या, दोन शब्द बोला, मग कॅमेरा काढा. चेहरेच बदलतात!

सेंट फ्रान्सिस चर्च मी दहा मिनिटांत उरकलं. १५२४ मध्ये वास्को द गामाला इथे पुरलं होतं, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. मट्टनचेरीत मात्र पाय रेंगाळतात. तिरुमला देवळाच्या आसपास चक्क कोकणी कानावर पडते. गोव्यातून आलेल्या गौड सारस्वतांची ही जुनी वस्ती.

पण माझा बेस्ट फोटो वेलीच्या धोबीखान्यातला. मूळचा तमिळ वण्णार समाज इथे पिढ्यान् पिढ्या कपडे धुतोय. पिळाच्या दोरीत कपड्याचं टोक खोचलं की झालं, चिमटे लागतच नाहीत. पांढऱ्या चादरींतून गाळून आलेला उजेड म्हणजे फुकटातला सॉफ्टबॉक्स. इस्त्री करणाऱ्या आजोबांना स्क्रीनवर फोटो दाखवला, तर म्हणाले, "हे नको, कागदावर द्या." सहा बाय चारची प्रिंट कालच कुरिअर केली.